बेळगाव-खानापूर भाग: बी.ई. साठी दहा लाख घालावेत का? कोटा, कागद, कर्ज, कोल्हापूर सगळ्याची नेमकी माहिती हवी

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात पहिली ते दहावी सरकारी मराठी शाळा, मग बेळगावात पीयू (अकरावी-बारावी) सायन्स. सेकंड पीयूला पीसीएममध्ये ८१ टक्के आहेत, पण केसीईटीचा (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचा) रँक ६० हजारांच्या पुढे गेलाय. जात मराठा, म्हणजे इथल्या हिशोबात ३बी हा मागास प्रवर्ग. घरचं उत्पन्न शेती आणि दुधाचं, नाडकचेरीचा (महसूल कार्यालयाचा) दाखला दीड लाखाच्या आतला.

एका खाजगी कॉलेजातून फोन आला की कॉम्प्युटर सायन्सची मॅनेजमेंट सीट वर्षाला अडीच लाखांनी देतो, आठ दिवसांत ५० हजार भरून जागा धरा. भाऊजी जमिनीवर कर्ज काढायच्या तयारीत आहेत. माझे प्रश्न असे:

१. दहा लाख घालून ही डिग्री वसूल होते का?
२. सरकारी कोट्यातून याच परिसरात स्वस्तात काय मिळू शकतं?
३. सीमाभागातल्या मराठी मुलांना कोल्हापूर-सांगलीकडे जागा मिळतात म्हणे, ते कसं?
४. धाकटा भाऊ दहावीत आहे. त्यालाही पीयू सायन्सलाच घालावं का?

ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

पीयू_सायन्स_मास्तर

मामा, पहिली गोष्ट, आठ दिवसांत पैसे भरू नका. केईएचं (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचं) ऑप्शन एंट्रीचं, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंती भरायचं, वेळापत्रक पूर्ण व्हायच्या आत सीट धरायला लावणं हा दरवर्षीचा प्रकार आहे. रँक आलाय म्हणजे मुलीच्या हातात अजून तीन-चार दारं आहेत.

कर्नाटकात एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांची फी वेगवेगळी असते, हे आधी नीट समजून घ्या. खाजगी कॉलेजातली केसीईटीची सरकारी कोट्याची सीट वर्षाला साधारण लाख-सव्वालाखाच्या आसपास पडते. कॉमेडके ही वेगळी परीक्षा, तिची फी दुपटीहून जास्त. मॅनेजमेंटची सीट कॉलेज सांगेल त्या दराची. शेवटी मिळणारं व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं) प्रमाणपत्र मात्र तिघांचं एकच. त्यावर कोटा लिहिलेला नसतो आणि कंपनीही तो विचारत नाही. त्यामुळे कुठल्या कोट्यातून आत जायचं हा प्रश्न कुठल्या कॉलेजात जायचं याच्याइतकाच मोठा आहे.

आता तुमच्या भाचीचं बघू. ६० हजार हा जनरल रँक बघून घाबरू नका. केईएच्या वेबसाईटवर गेल्या वर्षीचे कटऑफ कॉलेजवार, शाखावार आणि प्रवर्गवार दिलेले असतात. त्यात जीएम (खुला प्रवर्ग), जीएमके, जीएमआर असे रकाने दिसतील, तसेच ३बीजी, ३बीके, ३बीआर. शेवटचं आर म्हणजे ग्रामीण, के म्हणजे कन्नड माध्यम. तुम्हाला बघायचाय तो ३बीआरचा रकाना, आणि तोही शेवटच्या फेरीचा. पहिल्या फेरीचा कटऑफ बघून निराश होणारे पालक फार.

ग्रामीण आरक्षण १५ टक्के आहे. त्याची अट अशी की पहिली ते दहावी ही पूर्ण दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत शिक्षण झालेलं असावं. इथे शाळा कुठे आहे ते बघतात, घर नव्हे. खेड्यात राहून रोज बसने शहरातल्या इंग्लिश मीडियमला गेलेल्या मुलाला ते मिळत नाही. खानापूर शहर पट्टण पंचायतीत येतं, तिथली शाळा ग्रामीणमध्ये धरत नाहीत. मच्छे, पिरनवाडीसारखी गावं नगर पंचायतीत गेली आहेत, तिथल्यांनी आपली शाळेची वर्षं कशात मोडतात ते बीईओ (तालुका शिक्षणाधिकारी) ऑफिसात विचारून घ्यावं. तुमच्या भाचीचं मात्र सरळ आहे: मुख्याध्यापकांची सही आणि त्यावर बीईओंची प्रतिस्वाक्षरी असलेला ग्रामीण अभ्यासाचा दाखला. मराठी माध्यम असल्यामुळे ५ टक्क्यांचा कन्नड माध्यमाचा कोटा लागू होणार नाही. तो चुकूनही भरू नका, तपासणीत उडतो आणि बाकीच्या कागदांकडेही संशयाने बघतात.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो जात-उत्पन्न दाखल्यात. ३बी साठी फॉर्म एफमधला दाखला लागतो आणि त्यावरचा आरडी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक अर्जात टाकावा लागतो. हा क्रमांक टाकला की संगणक दाखल्यावरचं नाव उचलतो. आपल्याकडे दाखला कन्नडमधून टाईप होतो, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नाव इंग्रजीत असतं, आधारवर तिसरंच स्पेलिंग असतं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे आडनाव आधी, कुठे आडनावच नाही. जुळलं नाही की प्रवर्गाचा दावा रद्द होतो आणि मुलगी जीएममध्ये ढकलली जाते. म्हणून तिन्ही कागद एका टेबलावर ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. चूक निघाली तर एसएसएलसीच्या कार्डाप्रमाणे दाखला दुरुस्त करून घ्या, कारण कार्ड बदलायला बोर्डाकडे महिनोन् महिने जातात.

सात वर्षांची अटही बघून ठेवा. पहिली ते सेकंड पीयूमधली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी इथून पास असावी. तुमच्याकडे ती पूर्ण होते. महाराष्ट्रात चंदगडकडच्या शाळेत गेलेल्या मुलांची अडचण होते.

आणि एसएनक्यू (सुपरन्यूमररी कोटा) विसरू नका! मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात की त्यांची ट्यूशन फी माफ असते, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की पुरे. बाकीची विद्यापीठ फी वगैरे भरावी लागते, पण खर्चाचा मोठा भाग जातो. अर्जात एसएनक्यूचा दावा होय केलेला असावा लागतो, अनेकजण तिथेच चुकतात. या सीटवर नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, म्हणून पर्याय विचार करून टाका.

सीट मिळाल्यावर चार चॉईस असतात. एक म्हणजे पसंत आहे, प्रवेश घेतो. दोन म्हणजे ही हातात राहू दे, वरचा पर्याय मिळाला तर तो द्या. तीन म्हणजे ही नको, पुढच्या फेरीत बघतो. चार म्हणजे बाहेर पडतो. वरची शाखा मिळेल या आशेने तीन दाबून हातची सीट घालवणारी मुलं दरवर्षी असतात. शंका असेल तर दोन. त्यासाठी किती पैसे भरायचे ते त्या वर्षीच्या सूचनेत असतं, तेवढी रक्कम आधी तयार ठेवा.

कर्जखिडकी

मास्तरांनी प्रवेशाचं लिहिलंय, मी पैशांचं गणित मांडतो. व्याज सोयीसाठी १० टक्के धरतो, बँकेप्रमाणे थोडं मागेपुढे होईल.

शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. ते साधं व्याज असतं. पहिल्या वर्षी उचललेल्या रकमेवर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन वर्षांचं.

मॅनेजमेंट सीट: वर्षाला अडीच लाख, चार वर्षांचे १० लाख. हप्ता सुरू होईपर्यंत चढलेलं व्याज साडेतीन लाख. म्हणजे परतफेड सुरू होते साडेतेरा लाखांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तरी महिन्याचा हप्ता १७,८०० च्या पुढे.

सरकारी कोटा: वर्षाला १ लाख १० हजार धरा, चार वर्षांचे ४ लाख ४० हजार. चढलेलं व्याज १ लाख ५४ हजार. दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७,८५०.

आता यात केंद्राची व्याज सवलत घाला. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला नॅक किंवा त्या शाखेला एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असेल, तर शिक्षण अधिक एक वर्ष या काळातलं व्याज सरकार भरतं. तुमच्या भाचीला ही लागू पडू शकते. मग ते १ लाख ५४ हजार गेलेच, हप्ता ५,८०० च्या आसपास येतो. डिग्री तीच, महिन्याला बारा हजारांचा फरक. जमीन गहाण टाकून बाहेर काढलेल्या कर्जाला यातलं काहीच लागू होत नाही, म्हणून भाऊजींना आधी थांबवा.

तारणाचं म्हणाल तर मान्यताप्राप्त योजनेत ४ लाखांपर्यंत काही तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. त्यावर ५ टक्के स्वतःचा हिस्सा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची हमी योजना आहे, त्यात बसलं तर जमीन किंवा जामीनदार मागायचं कारण नाही, आईवडील सहकर्जदार असले की झालं. साडेसातच्या वर गेलात की तारण आलं. म्हणजे दहा लाखांची सीट घेतली की पहिल्याच पावलाला शेताचा उतारा बँकेत जातो.

नवीन पीएम विद्यालक्ष्मी योजनेत उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलं तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण ती यादीतल्या निवडक संस्थांनाच आहे आणि मॅनेजमेंट कोट्याच्या प्रवेशाला नाही. कॉलेजचं नाव यादीत आहे का ते पोर्टलवर बघा.

हे कुठे फसतं ते सांगतो. एक, शाखेत गेल्यावर "सोनं ठेवा, दोन तासांत देतो" असं सांगतात. ते सोनेतारण कर्ज झालं, व्याज सवलत गेली. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनच करा, म्हणजे त्याची नोंद राहते आणि नाकारलं तर कारण लेखी मिळतं. दोन, वडिलांचं सोसायटीचं किंवा बँकेचं पीक कर्ज थकीत असलं की सहकर्जदार म्हणून अर्ज अडकतो. ते आधी नवं-जुनं करून घ्या. तीन, उत्पन्नाचा दाखला पहिला हप्ता उचलायच्या वर्षाचा हवा आणि शाखेने सवलतीचा दावा वर टाकलाय का हे तुम्हीच विचारायला हवं. या सवलतीची नोडल बँक कॅनरा आहे, पण दावा तुमच्या शाखेतूनच जातो. चार, मुलीने मध्येच कॉलेज सोडलं तर सवलत थांबते.

आणि सवलत नाही मिळाली तरी शिकत असतानाच व्याज भरत जा. ४ लाख ४० हजारांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला ९०० रुपये, दुसऱ्या वर्षी १,८००, चौथ्या वर्षी साडेतीन हजारांच्या थोडं वर. दुधाच्या बिलातून एवढं निघू शकतं आणि पुढचा हप्ता दोन हजारांनी उतरतो.

मलप्रभाकाठ

कर्जखिडकी साहेब, मास्तर, दोघांचेही आभार. हप्त्याचा आकडा बघून भाऊजी गप्प झालेत. पण त्यांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरला पगार मोठा, १७ हजारांचा हप्ता निघून जाईल. यावर कोणी नोकरीच्या बाजूचं सांगेल का? आणि समजा ५० हजार भरून नंतर सीट सोडली तर परत मिळतात का?

उद्यमबाग_शॉपफ्लोअर

नोकरीचं मी सांगतो.

मोठ्या आयटी कंपन्यांचं नव्या मुलांचं पॅकेज गेली कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास अडून बसलंय. त्यातून कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर मिळणारी रक्कम वजा केली की हातात येतात चोवीस-पंचवीस हजार. त्यात पुणे किंवा बेंगळुरूचं खोलीभाडं, मेस, येणं-जाणं. १७,८०० चा हप्ता यातून निघत नाही वो, घरूनच पैसे पाठवावे लागतात. ५,८०० चा निघतो. जास्त पगाराची मुलंही असतात, पण ती कोडिंगच्या जोरावर. कोट्याशी त्याचा संबंध नाही. कॉम्प्युटरची सीट विकत घेता येते, डेटा स्ट्रक्चर शिकून घ्यावंच लागतं.

कॉलेजच्या जाहिरातीतलं "सर्वाधिक पॅकेज" बघू नका, ते एका मुलाचं असतं. एनआयआरएफमध्ये (केंद्राच्या कॉलेज क्रमवारीत) भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपण भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाईटवर टाकावी लागते. तळाशी कुठेतरी एनआयआरएफ नावाची लिंक असते. ती पीडीएफ उघडा, त्यात चार वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा: पहिल्या वर्षी किती घेतले, ठरलेल्या वेळेत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले, आणि मधला पगार किती. मधला पगार म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी मिळाला. शंभर घेतले आणि वेळेत साठ पास झाले असतील तर उरलेल्या चाळीसांच्या घरी पाचव्या वर्षाची फी गेली असं समजा. बेळगावातली तीन-चार कॉलेजं अशी शेजारी ठेवून बघा, फोनवर बोलणाऱ्या माणसापेक्षा ते तक्ते जास्त सांगतात.

आता आपल्या भागाचं. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकतीकडे फौंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सची कामं आहेत, हत्तरगीला विमानाचे भाग बनवणारं औद्योगिक क्षेत्र आहे, पलीकडे गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल. इथे मेकॅनिकलचा नवा बी.ई. आणि नवा डिप्लोमा यांच्या सुरुवातीच्या पगारात फार अंतर नसतं. मालक बघतो ते हे: ड्रॉईंग वाचता येतं का, टॉलरन्स कळतो का, मायक्रोमीटर-बोअरगेज नीट धरतो का, व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) ऑफसेट घेऊन पहिला जॉब बरोबर काढतो का. डिग्रीचा फायदा दिसतो तो पाच-सात वर्षांनी, डिझाईन, क्वालिटी, प्रोजेक्ट यांच्या वरच्या जागांवर. म्हणजे बी.ई. मेकॅनिकल स्वस्तात मिळत असेल तर जरूर करा, पण दहा लाख घालून इथल्याच कारखान्यात यायचं असेल तर ती रक्कम वसूल व्हायला निम्मं आयुष्य जाईल.

म्हणून धाकट्याचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दहावीनंतर दोन वाटा आहेत. पीयू दोन वर्षं आणि बी.ई. चार, एकूण सहा. डिप्लोमा तीन वर्षं आणि मग डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला, तीन वर्षं, एकूण तीही सहाच. वर्षं सारखीच, पण दुसऱ्या वाटेत मध्येच हातात नोकरी देणारा कागद येतो, आणि बी.ई.ची फी चारऐवजी तीन वर्षांची. सरकारी पॉलिटेक्निकची फी तर काही हजारांत आहे. याची अडचण एकच: डीसीईटीवाल्याला दुसऱ्या वर्षात गणित एकदम जड जातं, कारण पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस त्याने त्या खोलीने केलेलं नसतं. सुट्टीत ते पक्कं करून घेतलं तर निभावतं.

हाताला यंत्राची आवड असेल तर उद्यमबागचं जीटीटीसी (सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र) बघा. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा चार वर्षांचा आहे, त्यातलं शेवटचं वर्ष कंपनीत विद्यावेतनावर. एसएसएलसी पास असलं की अर्ज करता येतो. हे शिकलेली मुलं बेकार बसलेली सहसा दिसत नाहीत, कारण साचा दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक प्रेस शॉपला आणि प्लास्टिक मोल्डिंगला लागतोच. काम उभं राहून करायचं असतं आणि मायक्रॉनमध्ये चुकून चालत नाही, हे मुलाला आधी सांगा. एकदा नेऊन वर्कशॉप दाखवा, मग ठरवा.

भाचीला बी.ई.ची चांगली सीट नाहीच मिळाली तर पीयू सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा दोन वर्षांत, मग डीसीईटी. एक वर्ष जास्त जातं, पण लाखो रुपये वाचतात.

सीट सोडल्यावरच्या पैशांबद्दल: एआयसीटीईचा (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा) नियम असा की वर्ग सुरू व्हायच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी सगळं परत द्यायचं, आणि मूळ कागदपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. पण हा नियम पावती असलेल्या पैशांना लागू पडतो. "हे डोनेशन वेगळं, याची पावती नाही" असं म्हटलं की समजा ते गेले. कर्नाटकात कॅपिटेशन फी, म्हणजे हेच डोनेशन, घ्यायला १९८४ च्या कायद्याने बंदी आहे. पैसे भरायचेच झाले तर कॉलेजच्या खात्यावर, कशासाठी ते लिहिलेल्या पावतीवर, आणि मूळ मार्क्स कार्ड हातचं न सोडता.

निपाणी_कोल्हापूर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. आमच्या निपाणीकडच्या पोरांना तर बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, जेमतेम ४० किलोमीटर. खानापूरहून मात्र हॉस्टेलच करावं लागेल, तो खर्च आधी धरा.

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात उमेदवारांचे टाईप असतात. त्यात टाईप ई म्हणजे वादग्रस्त सीमाभागातल्या शाळेतून दहावी-बारावी केलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी. त्याला परराज्यातला न मानता महाराष्ट्राचा उमेदवार धरतात. यासाठी दोन दाखले लागतात: सीमाभागातला असल्याचा, नमुना जी-१, आणि मातृभाषा मराठी असल्याचा, नमुना जी-२. हे नमुने माहितीपुस्तिकेच्या शेवटी छापलेले असतात. कुणाची सही हवी तेही तिथेच असतं, त्याच अधिकाऱ्याची घ्या, दुसऱ्या शिक्क्याने चालवून घेत नाहीत. गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का ते बघा. गावाच्या नावाची कन्नड आणि मराठी रूपं वेगळी असतात, तिथे अडतं. शाळेच्या नोंदवहीत मातृभाषेच्या रकान्यात मराठीच लिहिलंय का हेही आत्ताच तपासा.

पण टाईप ई म्हणजे आरक्षण नव्हे. ३बी हा प्रवर्ग कर्नाटकचा, तो दाखला तिकडे चालत नाही. भाचीला खुल्या जागांतून धरूनच यादी बघा.

यासाठी एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा) दिलेली असली पाहिजे. या वर्षी दिली नसेल तर हा रस्ता यंदापुरता बंद, केसीईटीचा रँक तिकडे उपयोगी नाही. पुढच्या मुलांनी लक्षात ठेवावं: अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच सुटतात, दोन्ही सीईटी भरा. पीयूला एनसीईआरटीचा अभ्यास असतो, एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर. त्यामुळे बोर्डाची पुस्तकं घेऊन अकरावीचे नेमलेले धडे वेगळे करावे लागतात. अकरावीवर २० टक्के, बारावीवर ८० टक्के प्रश्न. गणिताचा पेपर वेळेत संपत नाही हीच मोठी तक्रार, म्हणून घड्याळ लावून सराव.

फीची पद्धतही वेगळी. कर्नाटकात कोट्यावर फी ठरते, महाराष्ट्रात कॉलेजवर. प्रत्येक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि सवलत शिष्यवृत्तीतून मिळते. राजर्षी शाहू योजनेत सर्वसाधारण प्रवर्गाला ट्यूशन फीचे ५० टक्के मिळतात आणि तिच्या अटींत महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या रहिवाशांचा उल्लेख आहे. तरी प्रवेशाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलवर एवढंच विचारा की टाईप ई च्या मुलाचा अर्ज इथून पूर्वी मंजूर झालाय का. झाला असेल तर तेच कागद तुम्हीही जोडा. पक्कं उत्तर नाही मिळालं तर पूर्ण फी धरून हिशोब करा. सांगलीचं वालचंद आणि कराडचं सरकारी कॉलेज मिळत असेल तर खर्चाचा विचार करूनही जावं, तेवढा त्यांचा दर्जा आहे. मधल्या-तळाच्या कॉलेजसाठी घर सोडण्यापेक्षा बेळगावातली सरकारी कोट्याची सीट बरी. खानापूर ते बेळगाव मुलींना शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास फुकट आहे, हॉस्टेल-मेसचे वर्षाचे पाऊण-एक लाख वाचतात.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर एक सांगतो. ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या भरतीत अर्ज करता येतो, त्यासाठी त्या गावात १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. कर्नाटकच्या नोकरीला कन्नड यावंच लागतं. शाळेत कन्नड चांगलं झालं असेल तर मुलीला दोन्हीकडची दारं उघडी राहतात, म्हणून कन्नड सोडू देऊ नका.

पीयू_सायन्स_मास्तर

निपाणीकरांनी छान लिहिलंय. दोन गोष्टी राहिल्या.

सरकारी कोट्यातून सीट मिळाली की लगेच एसएसपी (राज्य शिष्यवृत्ती) पोर्टलवर अर्ज करा. मागासवर्गीयांसाठी फी सवलत तिथेच आहे. आणि घरापासून लांब राहून शिकत असेल, सरकारी हॉस्टेल मिळालं नसेल तर विद्यासिरी: राहण्या-जेवणासाठी दहा महिने दरमहा ठराविक रक्कम. रोज बसने ये-जा करणाऱ्या मुलीला हे मिळत नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावरच येतात. पीयूच्या वेळी उघडलेलं खातं बंद पडलेलं असतं आणि पैसे परत जातात, म्हणून बँकेत जाऊन आधार जोडणी चालू आहे का ते बघा. याशिवाय केईएतून निवड झालेल्या मागासवर्गीय मुलांना अरिवु कर्ज मिळतं, वर्षाला लाखापर्यंत, २ टक्के व्याजाने. ३बी मधल्या मराठा मुलांनी मराठा समुदाय विकास महामंडळाच्या जाहिरातीकडेही लक्ष ठेवावं. निधी मर्यादित असतो, अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका.

दुसरं, ऑप्शन एंट्रीची यादी. भाचीला घेऊन बसा आणि तीन रंगांच्या पेनांनी लिहा. आधी बेळगावातली सगळी कॉलेजं, कॉम्प्युटर, इन्फर्मेशन सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स. मग हुबळी-धारवाड. मग बेळगावातल्याच सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल. ३बीआरच्या कटऑफमध्ये बसत नाहीत अशा दहा-बारा जागाही वर टाका, त्याला पैसे पडत नाहीत. पण जिथे सीट मिळाली तर जाणारच नाही असं कॉलेज यादीत एकही नको. मॉक अलॉटमेंट (सीटवाटपाची रंगीत तालीम) आली की क्रम बदलायला थोडेच दिवस मिळतात, त्या दिवसांत फोन चालू ठेवा आणि यादीचा प्रिंट काढून माझ्याकडे किंवा तिच्या पीयू कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांकडे एकदा दाखवून घ्या.

मलप्रभाकाठ

समजलं मास्तर. कॉलेजवाल्यांना सांगितलंय की केईएच्या शेवटच्या फेरीनंतरच बोलू. उद्या बीईओ ऑफिस आणि नाडकचेरी. आडनावाचं स्पेलिंग दाखल्यावर खरंच वेगळं निघालंय, आज रात्रीच दुरुस्तीचा अर्ज टाकतोय.